चवीपुरतं, थोडंसं आणि अंदाजे

दुपारचा एक पंचवीस झाला की शेजारच्या घरातून आरोळी येते, "अक्का, पेन!" अक्का जागच्या हलत नाहीत. पेन आप्पांच्या कानावरच असतं, हे त्यांना ठाऊक आहे. कोर्टात पट्टेवाला 'हाजिर हो' म्हणतो, तसली ही आरोळी. आरोपी पाच मिनिटांनी टीव्हीवर येणार असतो. कधी तो 'पनीर लबाबदार' असतो, कधी 'हेल्दी नाचणी बॉल्स', कधी नुसताच 'झटपट पौष्टिक नाष्टा'. सोबत हसरी निवेदिका, लखलखीत ओटा आणि काचेच्या इवल्या वाट्यांत मांडून ठेवलेले जिन्नस. त्या वाट्या दिसल्या की आप्पा चष्मा पुसतात आणि म्हणतात, "सुरुवातीलाच लबाडी. कुणाच्या घरात हळदीला काचेची वाटी असते?" हे हळदीच्या गावचा, सांगलीचा माणूस म्हणतो, तेव्हा त्याला वजन असतं.

आप्पा चौगुले सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था तपासल्या. निवृत्त झाले, शाल-श्रीफळ मिळालं, पेन्शन सुरू झाली, पण तपासणी काही बंद होईना. पहिले सहा महिने त्यांनी वाण्याची बिलं तपासली, मग कॉलनीच्या गणपतीची वर्गणी तपासली. पुढच्या वर्षी गणपती मंडळानं त्यांना सन्मानानं अध्यक्ष केलं, म्हणजे हिशेबापासून लांब ठेवलं. मग त्यांची नजर टीव्हीकडे वळली. एका दुपारी कुणी बल्लवाचार्य 'थोडंसं बटर' म्हणून हातभर वडी कढईत सोडताना त्यांनी पाहिला आणि जुना कडक आवाज घरात घुमला, "व्हाउचर कुठाय?"

तेव्हापासूनची खतावणी मी पाहिली आहे. लाल कापडी पाठीची, लांबट. रकाने असे: अनुक्रमांक, दिनांक, पदार्थाचे नाव, जिन्नस, सांगितलेले माप, दिसलेले माप, तफावत, शेरा. शेवटी ऑडिट वर्ग. सहकारी संस्थांना देतात तसाच अ, ब, क किंवा ड. मी शाळेत गणित शिकवतो म्हणून गुणाकार पडताळायला मला बोलावलं जातं. चहा मिळतो, पण तोही मोजून.

आप्पांना साखर नाही, रक्तदाब नाही. असता तर त्यांचं समजून घेता आलं असतं. त्यांची तक्रार तत्त्वाची आहे. 'चवीपुरतं', 'थोडंसं' आणि 'अंदाजे' हे तीन शब्द मराठी भाषेतून काढून टाकावेत, असं त्यांचं मत आहे. 'अंदाजे' दिसला की वर्तमानपत्रातसुद्धा ते त्यावर लाल रेघ मारतात. आमच्या कॉलनीच्या सूचनाफलकावर 'पाणी अंदाजे सहा वाजता येईल' असं लिहिलं होतं, त्याखाली त्यांनी 'खुलासा करावा' लिहून सही ठोकली होती.

आता कुणाला वाटेल, या माणसाला स्वयंपाकाच्या कार्यक्रमांचा राग असेल. उलट आहे. १९९३ साली झी टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झालं, तेव्हापासून आप्पा पाहतायत. २००७ मध्ये झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' आलं. प्रशांत दामल्यांनी घास घेतला की आप्पांचाही जबडा हलायचा, असं अक्का सांगतात. एखाद्या कारखान्याच्या दप्तरावर जीव जडलेला ऑडिटर जसा तिथल्या प्रत्येक खोट्या पावतीवर मनापासून चिडतो, तसं त्यांचं या कार्यक्रमांशी आहे. पाहिल्याशिवाय राहवत नाही आणि पाहून सहन होत नाही.

त्यांची हरकत समजून घ्यायची तर पळीची गोष्ट सांगायला हवी.

एका कार्यक्रमात आचारी म्हणाला, "आता यात घालूया एक चमचा तेल," आणि त्यानं घातलं पळीनं. आप्पांनी तीच पळी गणपती पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून हुडकून आणली. तीन दुकानं फिरले. दुकानदाराला टीव्हीवरची पळी हवी म्हटल्यावर त्यानं आधी चहा मागवला. घरी येऊन ओट्यावरच्या इलेक्ट्रिक काट्यावर वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला, पळीभर पाणी ओतलं. ५५ ग्रॅम. म्हणजे तेवढंच तेल पन्नासेक ग्रॅम भरतं. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ४५० कॅलरी, कांदा पडायच्या आत. खरा मोठा चमचा १५ मिलिलिटरचा असतो, त्यात तेल १४ ग्रॅमच्या आसपास. आप्पांनी तफावतीच्या रकान्यात ३६ लिहिलं आणि शेऱ्यात, "एका चमच्याच्या नावाखाली साडेतीन चमच्यांची उचल. वसूलपात्र."

दुसरी हरकत तुकड्यांची. सुरुवातीला 'एक चमचा बटर', मध्येच 'अजून थोडंसं बटर', शेवटी 'वरून बटर, दिसायलाही छान दिसतं'. आप्पा म्हणाले, "सर, ही पद्धत मी ओळखतो. टेंडर काढायला लागू नये म्हणून कामाचे तुकडे पाडतात. एक रस्ता, तीन बिलं. प्रत्येक बिल मर्यादेच्या आत आणि रस्ता मर्यादेच्या बाहेर." दूध संघ तपासलेला माणूस असल्यामुळे त्यांना लोणी नुसतं लोणी दिसत नाही. लोण्यात ८० टक्के स्निग्धांश. १०० ग्रॅमची वडी कढईत पडली की त्यांना साडेतीन फॅटचं गायीचं सव्वादोन लिटर दूध कढईत ओतलेलं दिसतं. गाय दिसते. पहाटे उठून धार काढणारी बाई दिसते. आणि निवेदिका म्हणते, "किती सोप्पं ना!"

तिसरी हरकत मला सगळ्यांत आवडते. आचारी ओट्याखालून ताट काढतो आणि म्हणतो, "हे कोफ्ते मी आधीच तळून ठेवलेत." आप्पा ताडकन उठतात. "आरंभीची शिल्लक! मागच्या वर्षाचा ताळेबंद कुठाय?" तळण नेहमी जाहिरातींच्या वेळात उरकलेलं असतं. किती तेल मुरलं, याला साक्षीदार नाही. एकदा मी म्हटलं, "आप्पा, वेळ वाचवायला करतात हो." ते म्हणाले, "अफरातफर करणारेही वेळच वाचवतात."

आणि चार जण. प्रत्येक पाककृती 'चार जणांसाठी' असते. हे चार जण कोण, हे आप्पांना आजवर कळलेलं नाही. टीव्हीवर खाणारी निवेदिका एकटी, तीही चमच्याच्या टोकावर मावेल तेवढं खाते. बाकीचे तिघे बोगस सभासद. तरी आप्पा न्यायानं वागतात, चारांनी भागतात. मी स्वतः पडताळलेला एक गुणाकार सांगतो: लोणी १०० ग्रॅम, ७२० कॅलरी. क्रीम २०० मिली, ४९०. प्रक्रिया केलेलं चीज १०० ग्रॅम, ३१०. काजू ५०, २९०. बेरीज १८१०, माणशी साडेचारशेच्या वर. आणि पदार्थाचं नाव होतं 'मिक्स व्हेज'. भाज्या अजून टोपलीतच होत्या.

'पौष्टिक' या शब्दाबद्दल ते फार बोलत नाहीत, नुसते हसतात. परवा नाचणीचे बॉल्स होते. नाचणी गुणाचीच, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमवर कॅल्शियम. पण बॉल्समध्ये मैदा वाटीभर, चीज किसणीभर आणि नाचणी दोन चमचे. आप्पांनी पेन खाली ठेवलं आणि मला सहकार कायदा समजावला. "सर, नाचणी इथं नाममात्र सभासद आहे. मताचा अधिकार नाही, लाभांश नाही. पण अहवालाच्या मुखपृष्ठावर फोटो तिचाच." त्या दिवशी वर्ग ड दिला.

ब वर्ग मात्र त्यांनी दिलेत. हुलग्याचे शेंगोळे करून दाखवणाऱ्या एका बाईंना दिला, ज्वारीच्या पिठाचं माडगं करणाऱ्या आजींना दिला. आजींनी तेल अर्धा चमचा घातलं आणि तो चमचा खरंच चमचा होता. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. अ वर्ग आजवर कुणाला नाही. त्याला कारण मीठ. माणसानं दिवसात ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टीव्हीवर मीठ ग्रॅममध्ये कुणीच सांगत नाही. चिमटीत धरून हात उंच नेतात आणि वरून भुरभुरवतात. "एवढ्या उंचीवरून टाकलेलं काय मोजायचं, सांगा की."

आप्पांची नात पुण्यात आहारशास्त्र शिकते. तिनं आजोबांना एक निबंध छापून आणून दिला. २०१२ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला. इंग्लंडमधल्या तिघा संशोधकांनी टीव्हीवरच्या बल्लवाचार्यांच्या पाच खपाऊ पुस्तकांतल्या १०० पाककृती घेतल्या, सुपरमार्केटात मिळणारी १०० तयार जेवणं घेतली आणि दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांवर घासून पाहिली. सगळ्या निकषांना उतरलेलं दोन्हीकडं एकही नाही. आणि गंमत पुढंच: दर माणशी ऊर्जा जास्त, चरबी जास्त, त्यातली संपृक्त चरबी जास्त आणि तंतू कमी, हे सगळं निघालं बल्लवाचार्यांच्या ताज्या, घरच्या, मायेनं शिजवलेल्या पाककृतींत. खोक्यातलं जेवण त्यामानानं बरं.

मला वाटलं, आप्पा उड्या मारतील. त्यांचा चेहरा पडला. निबंध दोनदा वाचून ते म्हणाले, "म्हणजे यांनी आधीच केलंय." मग थोड्या वेळानं सावरले. "पण शंभरच की हो! नमुना तपासणी. माझी सरसकट तपासणी आहे." अक्का धान्य निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मग आता खोक्यातलं आणायचं का काय?" आप्पा दिवसभर त्या प्रश्नावर गप्प होते.

अक्कांचं स्वतःचं शास्त्र 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांचं, १९७० साली निघालेलं. अक्कांच्या प्रतीला कव्हर राहिलेलं नाही, आणि बेसनलाडवाचं पान धरलं की बोटाला तूप लागतं. त्यांना माप विचारलं तर त्या तळहात दाखवतात. अशा बाईच्या घरात आप्पांनी एकदा दिवाळीत चकलीचं तेल मोजलं. तळायच्या आधी कढईतलं तेल काट्यावर, तळल्यावर पुन्हा काट्यावर. पाठीशी उभं राहून "तूट ३१० ग्रॅम, खुलासा?" असं विचारलं. अक्कांनी झारा खाली ठेवला नाही. त्यांनी खुलासाही दिला नाही. त्यांनी फक्त नातीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांसमोर एक स्टीलची वाटी आली. तळाशी तेल. अक्का म्हणाल्या, "हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ता हाय. दोन हजार कॅलरीच्या ताटाला तेल-तूप २७ ग्रॅम. तुमच्याच काट्यावर मोजलंय. हे तुमचं दिवसभराचं. कुठल्या फोडणीला किती, ते तुम्हीच सांगा."

आप्पांना आधी आनंदच झाला. चाळीस वर्षांत घरात पहिल्यांदा कुणी अंदाजपत्रक सादर करत होतं. सकाळच्या पोह्यांना त्यांनी उदार मनानं ११ ग्रॅम मंजूर केले. दुपारी आमटीला ६, वांग्याला ८. वांगं आठ ग्रॅमला दाद देईना. ते कढईला चिकटून बसलं आणि आप्पा त्याच्याकडे थकबाकीदाराकडे पाहावं तसे पाहत राहिले. संध्याकाळी वाटीत २ ग्रॅम उरले होते. रात्री पिठलं. फोडणीवाचून पिठलं कसं लागतं, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं त्या रात्री आप्पांचा चेहरा पाहायला हवा होता. मी पाहिला, मी काकडी परत द्यायला गेलो होतो. ते हळूच म्हणाले, "अक्का, पुरवणी मागणी आहे." अक्का ताटात शाळूची भाकरी टाकत म्हणाल्या, "तरतूद न्हाई. तंतू खावा. भाकरीला मर्यादा न्हाई घातली."

त्यानंतर घरचं ऑडिट थांबलं. टीव्हीचं मात्र चालू राहिलं, आणि एक दिवस टीव्हीच आप्पांच्या दारात आला.

एका स्थानिक केबलवाहिनीचा 'आपल्या कॉलनीची चव' असा काहीतरी कार्यक्रम होता. शिंदेवहिनींचा 'शाळूचा पौष्टिक पिझ्झा' निवडला गेला. आप्पांना कॉलनीतले ज्येष्ठ म्हणून चव घ्यायला बसवायचं ठरलं. हे कुणी ठरवलं, ते आजवर कुणी कबूल करत नाही.

मी पूर्ण वेळ हजर होतो. शिंदेवहिनींच्या स्वयंपाकघरात चार दिवे लावले, गॅसची ज्योत हलते म्हणून पंखा बंद केला. वहिनींच्या कपाळावरून घाम येत होता आणि त्या हसत होत्या. शाळूचं पीठ त्यांनी खरोखर अर्धी वाटी घेतलं होतं. १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅम तंतू असतात, हे आप्पांनीच त्यांना सांगितलं होतं. पण कॅमेऱ्याच्या पोरानं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, काळपट दिसतोय. मैदा वाढवा." वाढवला. मग निवेदिका म्हणाली, "चीज ओढलं की तार आली पाहिजे." चीज वाढवलं. तार आली, ती तुटेपर्यंत शूटिंग झालं, मग परत यावी म्हणून परत चीज. शेवटी एकानं रंगाचा ब्रश काढला आणि पिझ्झ्यावर तेल फिरवलं. आप्पांनी माझ्या कानाशी विचारलं, "हे कुणासाठी?" मी म्हटलं, "चमकायला. कॅमेऱ्यासाठी." ते पुटपुटले, "मग जाहिरात खर्चात टाका. अन्नात कशाला?"

मग आप्पांची पाळी. "काका, खाऊन सांगा, कसा झालाय?"

आप्पांनी घास घेतला, चावला, गिळला. वहिनींकडे पाहिलं. खोटं बोलायचं नाही आणि शेजारीणही दुखवायची नाही, अशा पेचात सापडलेला लेखापरीक्षक मी पहिल्यांदा पाहिला. ते म्हणाले, "चव उत्तम. तथापि—" निवेदिका ओरडली, "कट! काका, तथापि नको. नुसतं 'वा' म्हणा." दुसरा घास. "वा. परंतु चीजची मंजुरी १०० ग्रॅम असताना प्रत्यक्ष वापर—" कट. तिसरा घास. चौथा. पाचव्या घासाला आप्पांनी बोट वर केलं आणि एका दमात शाळू, मैदा, चीज, ब्रशचं तेल, माणशी भागाकार, सगळं सांगून टाकलं. दिवेवाल्याची जेवायची वेळ झाली होती. निवेदिका म्हणाली, "चालेल, बघू एडिटिंगला."

पंधरा दिवसांनी कार्यक्रम लागला. कॉलनी आप्पांच्या दिवाणखान्यात. पिझ्झा आला, तार आली, आप्पा आले. त्यांचे ओठ हलत होते, बोट वर होतं, डोळे मोठे झाले होते आणि खाली सनईचे सूर वाजत होते. आवाज निवेदिकेचा: "काकांना पिझ्झा एवढा आवडला की ते बोलायचेच थांबेनात!"

टाळ्या पडल्या. मी आप्पांकडे बघायचं टाळलं. फोन सुरू झाले. तासगावहून त्यांच्या जुन्या हाताखालच्या माणसाचा फोन आला, "साहेब, काय चवीनं खात होता! आमच्या मंडळींनी लगेच चीज आणायला सांगितलं." आप्पा "हो, हो" म्हणाले. फोन ठेवून बराच वेळ टीव्हीकडे पाहत बसले. टीव्ही बंद होता.

संध्याकाळी शिंदेवहिनी ताट घेऊन आल्या. पुन्हा केला होता, यावेळी त्यांच्या मूळ मापानं. शाळू अर्धी वाटी, वर भोपळी मिरची, कांदा आणि चीज पाहिजे तेवढंच. दिसायला काळपट होता खरा. आप्पांनी काटा आणला. ताट ठेवून शून्य करायचं राहिलं होतं, म्हणून पिझ्झा उचलून परत ठेवला. २१० ग्रॅम. अक्का म्हणाल्या, "वजन झालं असेल तर गार व्हायच्या आत गप खावा."

आप्पांनी सुरीनं बरोबर मधोमध कापला. एक अर्धा माझ्यापुढे सरकवला. "दोन सभासद," ते म्हणाले, "दोघंही हजर." आम्ही खाल्ला. चांगला होता, मला वाटतं, त्या दिवशीच्या चमकणाऱ्यापेक्षा चांगला. आप्पा मध्येच थांबले नाहीत, 'तथापि' म्हणाले नाहीत.

मग लाल खतावणी निघाली. दिनांक, पदार्थ, जिन्नस. मिठाच्या रकान्याशी ते अडले. वहिनी केव्हाच घरी गेल्या होत्या. खालच्या ओळीत त्यांनी माझं नाव लिहिलं आणि वही फिरवून म्हणाले, "लाभार्थी म्हणून सही करा."

मी वही धरली तर माझ्या अंगठ्याला चीज लागलेलं. सहीच्या जागी तुपकट, पिवळसर ठसा उमटला. मी ओशाळून रुमाल काढायला लागलो. आप्पांनी माझा हात बाजूला केला, चष्मा वर घेऊन तो ठसा नीट पाहिला, पेनानं त्याच्याभोवती गोल काढला आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'अंदाजे अर्धा ग्रॅम.'